काळ्या मातीवर घर बांधताना: खड्ड्यापासून भेगांपर्यंत

मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या पट्ट्यातली खोल काळी जमीन म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं हक्काचं रान. ऑक्टोबरनंतर थेंब पडला नाही तरी मालदांडी ज्वारी कणसाला येते, कारण पावसाळ्यात प्यालेलं पाणी ही माती महिनोन्‌महिने सोडत नाही. त्याच जमिनीचे प्लॉट पडतात, एनए (बिगरशेती परवाना) होतं, आणि शेताला लाभणारा हा गुण घराच्या मुळावर येतो. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सप्टेंबरच्या पावसात त्या मिटतात आणि जमीन वर उचलते. वर घर आहे म्हणून ती उचलायची थांबत नाही.

काळ्या जमिनीवर एक-दोन मजली घर बांधायला निघालेल्यांसाठी आणि बांधलेल्या घराला तडे गेलेल्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सगळं घर सारखंच वर-खाली झालं तर त्याला फारसं काही होत नाही. एका कोपऱ्याखालची माती ओली आणि दुसऱ्याखालची कोरडी झाली की घर फुटतं. म्हणून आपल्याला दोनच गोष्टी करता येतात: ओलावा बदलतो त्या थराच्या खाली पाया न्यायचा, आणि घराखालचा ओलावा वर्षभर एकसारखा ठेवायचा. शक्य असेल तिथे दोन्ही करावं.

माती नेमकं काय करते

आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झिजून ही माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याचे थर अतिशय पातळ असतात आणि थराथरांमध्ये पाणी शिरू शकतं. शुद्ध स्वरूपातल्या एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचा एकूण पृष्ठभाग ८०० चौरस मीटरपर्यंत भरतो. एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटणार म्हटल्यावर माती किती फुगेल, याचा अंदाज येतो.

पण खनिजापुरतं पाहून भागत नाही. वर्षातला बहुतेक काळ घराखालची माती असंपृक्त असते, म्हणजे कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते. हे उरलेलं पाणी कणांना घट्ट आवळून धरतं आणि आणखी पाणी ओढायला बघतं. या ओढीला शोषणताण म्हणतात. माती जितकी कोरडी, तितका हा ताण मोठा. पिकं कायमची कोमेजतात तेव्हा तो साधारण १५०० किलोपास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या पंधरापट असतो. मे महिन्यात आपल्याकडची वरची हात-दीड हात माती त्याच्याही पुढे गेलेली असते. पाणी मिळालं की हा ताण उतरतो, कणांची पकड सुटते, थरांमध्ये पाणी भरतं आणि माती फुगते. किती फुगेल हे ठरतं ती आधी किती कोरडी होती त्यावर. आधीच ओली असलेली माती भर पावसातही फारशी हलत नाही, तर मे महिन्यात पूर्ण वाळलेली तीच माती पहिल्या मोठ्या पावसात जोरात उठते.

सोलापूरला हे सगळं तीव्र होतं. पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरमध्ये, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. कोरडं आणि ओलं यांतलं अंतर जितकं जास्त, तितकी जमिनीची हालचाल जास्त.

वजनाचाही संबंध आहे. फुगणाऱ्या मातीचा दाब काही ठिकाणी चौरस मीटरला वीस-तीस टनांपर्यंत जातो. चार मजली इमारतीच्या कॉलमखाली तो दबून राहू शकतो. फरशी आणि तिच्याखालच्या काँक्रीटचा भार मात्र चौरस मीटरला अर्धा टनही नसतो. म्हणून आपल्याकडे आधी फरशी उचलते, मग कंपाउंड वॉल वाकडी होते, मग ओटा भिंतीपासून सुटतो. कॉलम-बीमचं मुख्य घर बऱ्याचदा शेवटी दुखतं.

पहिली पायरी: प्लॉटची माती ओळखा

प्लॉट घेण्याआधी शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये पाहा. भेगेत तार सोडा, किती खोल जाते ते मोजा. आजूबाजूच्या घरांच्या कंपाउंड वॉल आणि ओटे बघा. शेजाऱ्याची भिंत तुम्हाला जे सांगेल ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं. पाया खोदताना मुरूम किती फुटांवर लागला हेही शेजारी सांगतात. पण त्याच आकड्यावर विसंबू नका, कारण काळ्या मातीची जाडी एकाच कॉलनीत बदलते. उंचवट्यावर दोन फुटांवर मुरूम आणि ओढ्याकडच्या सखल प्लॉटवर दहा फूट काळी माती, असं सर्रास दिसतं.

मग प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. कोरड्या काळ्या मातीची उभी बाजू भक्कम वाटते, पण तिच्यात आतून भेगा आणि गुळगुळीत, चकाकणारे सरकते पृष्ठभाग असतात, आणि अख्खी ढपली एकदम सुटते. पाच फुटांहून खोल खड्ड्यात आधार लावल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. नमुना जेसीबीच्या बकेटमधूनही घेता येतो. ढेकळात ते चकाकणारे पृष्ठभाग दिसले, तर ही माती वर्षानुवर्षं फुगत-आकसत आली आहे हे नक्की.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. प्रयोगशाळेतल्या मुक्त फुगवण चाचणीचंच हे साधं रूप आहे, आणि मूळ पद्धत आय.एस. (भारतीय मानक) २७२०, भाग ४० मध्ये दिली आहे. माती वाळवून कुटा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. मोजमापाच्या खुणा असलेल्या दोन उभ्या नळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती टाका. एकीत रॉकेल आणि दुसरीत शुद्ध पाणी १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरा, ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये माती ११ मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात २० वर. फरक ९, भागिले ११, म्हणजे सुमारे ८२ टक्के. आय.एस. १४९८ प्रमाणे ५० टक्क्यांच्या आत धोका कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या वर अतिशय जास्त.

या आकड्यावर पाया ठरवू नका. पुढच्या तपासण्या करायच्या की नाही, एवढंच त्यावरून ठरवा. मध्यम किंवा त्याहून वरचा आकडा आला, तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी मृद्-प्रयोगशाळेत द्रव मर्यादा, आकुंचन मर्यादा, नैसर्गिक ओलावा आणि फुगवण दाब एवढं तपासून घ्या. फुगवण दाबासाठी अखंड, न विस्कटलेला नमुना लागतो, पिशवीत भरलेली माती चालत नाही. नमुना उन्हाळ्यात काढला तर उत्तम, कारण तेव्हा माती सर्वांत कोरडी असते आणि खरा जास्तीत जास्त दाब कळतो. ऑक्टोबरात काढलेल्या ओल्या नमुन्याचा अहवाल दिलासा देणारा येतो आणि फसवतो. ओलावा वेगवेगळ्या खोलीवर मोजायला सांगा. तो जिथून पुढे फारसा बदलत नाही, तिथे हंगामी हालचाल संपते. खोल काळ्या जमिनीत ही खोली साधारण तीन-साडेतीन मीटर धरतात.

दुसरी पायरी: पाया ठरवा

काळी माती पाच फुटांच्या आत असेल तर विचार करत बसू नका. घराच्या जागेवरची सगळी काळी माती काढा आणि पाया मुरमावर घ्या. या घडीला जास्त वाटणारा हायवाचा (डंपरचा) खर्च पुढच्या वीस वर्षांच्या दुरुस्तीपेक्षा नक्की कमी आहे.

पाच ते दहा फूट असेल तर सगळी माती काढणं परवडत नाही. तेव्हा लोड बेअरिंगचा, म्हणजे भिंतींवरच भार घेणाऱ्या घराचा, नाद सोडून आरसीसी कॉलम घ्या आणि प्रत्येक फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, मुरमापर्यंत न्या. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. फुटिंग मुरमावर असलं तरी कॉलमच्या चारी बाजूंची काळी माती फुगताना कॉलमला धरून वर ओढते. म्हणून फुटिंगचा खड्डा त्याच मातीने बुजवायचा नाही, चांगल्या मुरमाने थर देत भरायचा. आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवर कॉलम जोडणारा बीम, जमिनीवर टेकवायचा नाही. बीमच्या खाली किमान ८ सेंटीमीटर मोकळी फट हवी, म्हणजे माती वर आली तरी तिला उठायला जागा मिळते. मिस्त्री ‘फट कशाला, बीमला आधार नको का?’ असं म्हणणारच. बीमचा आधार कॉलम आहे, माती नाही, हे त्याला नकाशावर दाखवा. फटीच्या दोन्ही बाजू विटांनी किंवा पातळ फरशीने झाका, नाहीतर भराव टाकताना ती बुजते.

दहा फुटांच्या खाली काळी माती गेली, तर अंडर-रीम्ड पाइल हा सर्वांत खात्रीचा उपाय. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याच देशातल्या काळ्या मातीसाठी ही पद्धत विकसित केली. हलत्या थरातून खाली जाणारा काँक्रीटचा खांब आणि तळाशी त्याच्या व्यासाच्या साधारण अडीचपट फुगवटा, असं तिचं रूप असतं. वरची माती खांबाला उचलायला लागली की खालचा फुगवटा स्थिर मातीत अडकून राहतो. खोल काळ्या मातीत लांबी किमान साडेतीन मीटर ठेवतात, आणि दोन पाइलमधलं अंतर फुगवट्याच्या व्यासाच्या निदान दुप्पट. खांबाला वर खेचणारा ताणही सोसायचा असतो, म्हणून सळई पूर्ण लांबीभर हवी. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, आणि आय.एस. २९११, भाग ३ प्रमाणे केलं आहे का ते विचारा. फुगवटा हत्याराने कापताना तुमचा माणूस तिथे उभा असला पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर आत फुगवटा झाला की नाही, हे सांगायला कुणी येत नाही.

वाळूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पायाखाली वाळूचा जाड थर टाकून ‘फुगली तर वाळू सामावून घेईल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. काळ्या मातीत खोदलेल्या खड्ड्यात वाळू भरली की तिथे पाणी साचतं, खालच्या मातीला मुरायला निवांत पाणी मिळतं आणि ती आणखी फुगते. मी हा उपाय सुचवत नाही.

तिसरी पायरी: जोत्याचा भराव

जास्तीत जास्त घरांचं नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू. पाया खोदताना निघालेली काळी माती समोर ढिगात पडलेली असते. ती उचलून टाकायला पैसे लागतात आणि जोत्यात भराव विकत आणायलाही लागतात. ठेकेदार ती सरळ जोत्यात ढकलतो, वर मुरमाचा पातळ थर आणि त्यावर सोलिंग (दगडांचा थर). वरून काही कळत नाही. पुढच्या पावसाळ्यात बाथरूमच्या बाजूची फरशी पोकळ वाजू लागते, दरवाजे घासतात, हॉलच्या मधोमध फरशी फुगते. पाया मुरमावर असूनही हे होतं. करारातच लिहून घ्या: जोत्यात आणि फुटिंगच्या खड्ड्यात काळी माती भरायची नाही. आणि भरावाच्या दिवसांत साइटवर स्वतः थांबा.

मुरूमही कोणताही चालत नाही. नुसता खडकाळ, मोठ्या तुकड्यांचा मुरूम वाळूसारखाच पाणी धरून बसतो. थोडी बांधणारी माती असलेला, ओला करून दाबल्यावर गच्च बसणारा, पण न फुगणारा मुरूम हवा. शंका असेल तर त्याचीही रॉकेल-पाण्याची चाचणी करा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ काळ प्रयोग करून दाखवलं, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभर जाड थर नीट दाबून घातला तर खालची फुगवण वरपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. कालव्यांच्या अस्तरासाठी हीच कल्पना आय.एस. ९४५१ मध्ये घेतली आहे. घरासाठी तिचा अर्थ इतकाच: फरशीखालची तीन-सव्वातीन फूट काळी माती काढून तिथे असा मुरूम १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, कॉम्पॅक्टरने दाबून भरा. नुसतं पाणी सोडून ‘बसू दे’ म्हणायचं नाही, ते पाणी खालच्या काळ्या मातीत जातं. एवढं खोदणं शक्य नसेल तर तळमजल्याची फरशी जमिनीवर न टेकवता प्लिंथ बीमवर स्लॅब टाकून तोलून घ्या आणि खाली फट ठेवा. महाग आहे, पण पाइलवरच्या घराला मला हेच योग्य वाटतं.

कुठे काळी मातीच वापरणं भाग असेल, तर ती कोरडी असताना जोरात दाबू नका. कोरडी आणि घट्ट दाबलेली काळी माती सर्वांत जास्त फुगते. वाफशापेक्षा किंचित जास्त ओलावा असताना बेताने दाबा.

आवारातला रस्ता किंवा पार्किंगसाठी मातीत वजनाच्या ३ ते ६ टक्के चुना मिसळण्याचा उपाय चांगला आहे. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांचे गुच्छ करतं आणि फुगवण बरीच कमी होते. फताटेवाडीच्या औष्णिक प्रकल्पामुळे आपल्याकडे फ्लाय अॅशही मिळते, आणि ती चुन्याबरोबर वापरता येते. पण मातीत सल्फेट, म्हणजे जिप्समसारखे क्षार, आहेत का ते आधी तपासा. असतील तर चुन्याशी संयोग होऊन नवीच फुगवण सुरू होते. कळीचा चुना हाताळताना डोळे आणि हात झाका.

कामाची वेळ

पायाचे खड्डे काढून महिना-महिना उघडे ठेवायची सवय वाईट. उन्हात तळ तडकतो, वळवाच्या पावसात पाणी भरतं. खड्डा झाला की दोन-तीन दिवसांत पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) पडली पाहिजे. पाऊस शिरलाच, तर मऊ झालेला वरचा थर खरवडून काढा आणि मगच काँक्रीट टाका. फरशीचं काम भर मे महिन्यात, वाळलेल्या जमिनीवर करू नका, आणि सप्टेंबरच्या चिखलावरही नको. नोव्हेंबर-डिसेंबरात जमिनीत वाफसा असतो, तेव्हा केलेली फरशी त्यातल्या त्यात कमी हलते.

चौथी पायरी: पाण्याचा बंदोबस्त

घर झालं की त्याच्याखालचं बाष्पीभवन थांबतं. मधली माती हळूहळू, काही वर्षांत, ओलावा धरते, तर कडेची माती दर उन्हाळ्यात आकसते आणि दर पावसाळ्यात फुगते. ही कडेची हालचाल कमी करायला घराभोवती दीड ते दोन मीटर रुंद फरसबंदी करा, बाहेर उतार देऊन. भिंत आणि फरसबंदी यांच्यात लवचीक सीलंटचा सांधा ठेवा, कारण घट्ट सिमेंटने जोडलं की फरसबंदी उचलताना भिंतीला सोलते. शहाबादी फरशी चालेल, सांधे मात्र बंद हवेत.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घरात जमिनीखाली हौद असतोच. काळ्या मातीत गळणारा हौद हा घराचा सर्वांत मोठा शत्रू आहे. तो बाराही महिने एका कोपऱ्याला पाणी पाजतो आणि बाकी घर कोरडं राहतं. हौद घराच्या पायाला चिकटवू नका, अंतर ठेवून स्वतंत्र बांधा, तळ मुरमावर घ्या, वॉटरप्रूफिंग आतून-बाहेरून करा. वापरण्याआधी पूर्ण भरून, खूण करून, झाकून दोन दिवस ठेवा. पातळी उतरली तर दुरुस्ती आधी, वापर नंतर. ही चाचणी दरवर्षी मे महिन्यात पुन्हा करा. हौदातून आणि बाथरूममधून निघणारे पाइप भिंत ओलांडतात तिथे लवचीक जोड द्या, म्हणजे जमीन हलली तरी पाइप तुटणार नाही.

शोषखड्ड्याचं दुखणं वेगळं. काळी माती ओली झाल्यावर तिच्यात पाणी मुरतच नाही, ते आडवं पसरत पायाकडे येतं. शोषखड्डा मुरमापर्यंत न्या आणि घरापासून प्लॉट देईल तेवढा लांब, उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. छतावरच्या पाण्याचं पुनर्भरण करायचं असेल तर तेही भिंतीलगत नको. पाणी पाइपने लांब नेऊन मुरमात किंवा बोअरच्या गाळणीत सोडा. कूलरचं पाणी खिडकीखाली टिपकत ठेवू नका. आपल्याकडे कूलर चार महिने चालतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत बाकीची जमीन सर्वांत कोरडी असते.

झाडं जरूर लावा, या उन्हात ती हवीतच. पण कडुलिंब, पिंपळ, वड यांची मुळं कोरड्या दिवसांत पायाखालचं पाणी ओढून माती आकसवतात. पूर्ण वाढल्यावर झाड जितकं उंच होईल, निदान तितकं अंतर घरापासून ठेवा. लहान प्लॉटवर जास्वंद, कढीपत्ता अशी लहान झाडं बरी, आणि त्यांचा वाफाही भिंतीला टेकून नको.

कंपाउंड वॉल

ती हलकी असते आणि दोन्ही बाजूंनी भिजते, त्यामुळे तिची हालचाल सर्वांत जास्त. दगडी सलग पाया घालण्यापेक्षा थोड्या-थोड्या अंतरावर लहान पाइल किंवा खोल कॉलम, त्यांवर जमिनीला न टेकलेला बीम आणि वर भिंत, असं करा. दर पाच-सहा मीटरला उभा सांधा सोडा. घराच्या भिंतीला ती कधीही जोडू नका.

घर आधीच बांधलं असेल तर

भेग भरायची घाई करू नका, आधी ती वाचा. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग बहुतेक वेळा जमिनीच्या हालचालीची असते. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर घराच्या कडा खचत आहेत किंवा मधला भाग उचलतो आहे. खाली रुंद असेल तर उलट, कडा वर येत आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून महिन्यातून एकदा अंतर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग हंगामी आहे. ऋतू न बघता वाढतच जाणारी भेग दिसली तर पहिला संशय हौद, ड्रेनेज आणि नळाच्या पाइपवर घ्या.

मग क्रमाने: गळती बंद करा, पावळीचं पाणी लांब न्या, फरसबंदी करा. भिंतीजवळ मोठं झाड असेल तर ते एकदम तोडू नका. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती झाड गेल्यावर पाणी प्यायला लागते आणि उलट्या बाजूने घर उचलते. छाटणी करत टप्प्याटप्प्याने कमी करा, किंवा झाड आणि भिंत यांच्यामध्ये मुळं अडवणारी खोल काँक्रीटची पडदी घाला.

हे सगळं करून एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा, जाऊ द्या. मोजमापांतला फरक कमी झाला की भेगा भरा, आणि त्याही लवचीक फिलरने. मे महिन्यात रुंद उघडलेल्या भेगेत कडक सिमेंटचा गिलावा भरला, तर सप्टेंबरमध्ये माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. वर्षभरानंतरही हालचाल तशीच असेल, भेगेत बोट जात असेल किंवा कॉलम-बीमलाच तडा दिसत असेल, तर पायाखाली नवा आधार देण्याचं काम लागतं. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखाली, एका वेळी थोडा-थोडा भाग उघडून करतात. त्याला तुमच्या वर्षभराच्या नोंदी दाखवा, दुरुस्ती कुठून सुरू करायची ते त्यांवरूनच ठरतं.